टर्बोचा सांडवा : नळी चुकली की इंजिन बसले



गेल्या गाळप हंगामातली गोष्ट सांगतो. आमच्या भागातील एका शेतकऱ्याने बँकेचे कर्ज काढून टर्बोचा ट्रॅक्टर घेतला आणि ऊस वाहतुकीला लावला. हंगाम ऐन भरात असताना त्याला वाटू लागले, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरपेक्षा आपला ट्रॅक्टर चढाला कमी ओढतो. गावच्या मिस्त्रीने टर्बोपासून निघालेली एक बारीक रबरी नळी काढली, तिच्या तोंडात बोल्ट ठोकला, वरून क्लिप आवळली आणि डिझेल पंपाचा स्क्रू थोडा फिरवून दिला. "आता बघा कसा पळतो ते," असे म्हणून तो गेला.

ट्रॅक्टर खरेच पळू लागला. आठ दिवस मालक खूष होता. नवव्या दिवशी दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढ चढताना हेड गॅस्केट फुटले, पाणी इंजिनात शिरले आणि ट्रॅक्टर रस्त्यातच उभा राहिला. ऊस दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून न्यावा लागला. दुरुस्तीत हंगामाचे अठरा दिवस गेले. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही.

मी पाहायला गेलो तेव्हा त्या नळीत बोल्ट तसाच होता. घरातल्या बाईंनी मला विचारले, "भाऊ, एवढ्याशा नळीनं एवढं मोठं इंजिन कसं हो बसलं?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर आज आपण सगळेच समजून घेऊ, कारण आता गावोगाव टर्बोचे ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि पिकअप गाड्या आल्या आहेत.

टर्बो म्हणजे लोहाराचा भाता

लोहार भाता ओढतो तेव्हा भट्टीत हवा जोराने शिरते आणि कोळसा रसरसून पेटतो. कोळसा तेवढाच असतो, पण हवा जास्त मिळाली की आच वाढते. आता लोहाराने आणखी कोळसा घातला, तरी तोही नीट जळेल. डिझेल इंजिनाचेही तसेच आहे. डिझेल पूर्ण जळायचे तर हवा पुरेशी हवी. हवा कमी पडली की अर्धवट जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते, म्हणजे आपला पैसा आकाशात जातो.

साधे इंजिन स्वतःच्या दमाने जेवढी हवा ओढील तेवढीच घेते. टर्बो हा त्या इंजिनाचा भाता होय. गंमत अशी, की हा भाता ओढायला वेगळा माणूस लागत नाही. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका लहानशा चाकाला फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असते आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ती आहे. पूर्ण भारावर हे चाक मिनिटाला एक लाख किंवा त्याहून अधिक फेरे घेते. धूर सहाशे-सातशे अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असतो. एवढ्या वेगाचा आणि एवढ्या आगीचा हा खेळ आपल्या बॉनेटखाली चालू असतो, हे ध्यानात ठेवावे.

ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. पुढे १९२५ साली जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्यांनी टर्बो बसवला, तेव्हा १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. शेतावर हा भाता आला तो अमेरिकेत. अ‍ॅलिस चाल्मर्स कंपनीने १९६१ साली डी-१९ हा ट्रॅक्टर कारखान्यातूनच टर्बो बसवून विकायला काढला. आपल्याकडे १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले. त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरांत टर्बो आणि संगणकावर चालणारी डिझेल यंत्रणा एकत्र दिसू लागली.

धरणाला सांडवा का असतो?

आता मुख्य मुद्दा. भार वाढला की धूर वाढतो, धूर वाढला की टर्बोचे चाक जोरात फिरते, चाक जोरात फिरले की हवा जास्त जाते. हवेबरोबर डिझेलही जास्त गेले, की पुन्हा धूर वाढतो. हे चक्र कोणी थांबवले नाही तर दाब वाढतच जाईल. धरणात पाणी वाढतच गेले तर काय होते, हे आपणांस सांगायला नको. म्हणून धरणाला सांडवा ठेवतात. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की जादा पाणी सांडव्यावरून निघून जाते आणि भिंत वाचते.

टर्बोचा सांडवा म्हणजे वेस्टगेट. ही धुराच्या वाटेवरची एक झडप आहे. हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की ती उघडते, थोडा धूर टर्बोच्या चाकाला न लागता परस्पर सायलेन्सरकडे जातो आणि चाकाचा वेग आटोक्यात राहतो.

ही झडप उघडते कशी? एका पत्र्याच्या डबीत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला स्प्रिंग असते, ती झडप बंद ठेवते. दुसऱ्या बाजूला टर्बोने दाबलेली हवा एका बारीक नळीतून येते, ती झडप उघडू पाहते. दोघांची ही रस्सीखेच चालू असते. समजा, पडद्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटीमीटर आहे आणि स्प्रिंगचा जोर १६ किलो आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ०.८ किलो झाला, की २० गुणिले ०.८ म्हणजे १६ किलो जोर होतो आणि झडप उचलू लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात आपण जेवढी हवा भरतो, साधारण त्याच मापाचा हा दाब आहे. तो फार मोठा नाही, पण इंजिनाचा सगळा हिशेब त्यावर बांधलेला असतो.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मिस्त्रीने नळीत बोल्ट ठोकला, म्हणजे डबीकडे हवा जाणेच बंद केले. झडप उघडेना. त्याने सांडव्याचे दार भिंत घालून बंद केले आणि वर डिझेल वाढवून पूर आणला. धरण फुटायचेच होते.

आतला सांडवा, बाहेरचा सांडवा

वेस्टगेट दोन प्रकारचे असतात. आपल्या ट्रॅक्टरांत आणि पिकअपमध्ये बहुधा आतला वेस्टगेट असतो. झडप टर्बोच्या घरातच असते आणि बाहेर फक्त डबी व एक लोखंडी दांडी दिसते. दुसरा प्रकार बाहेरच्या वेस्टगेटचा. यात झडप, पडदा आणि स्प्रिंग मिळून एक वेगळे यंत्र असते. ते धुराच्या मॅनिफोल्डवर बसवतात आणि त्याला धूर सोडण्याची स्वतंत्र वाट असते. काही मोठ्या इंजिनांत, शर्यतीच्या वाहनांत आणि फेरफार केलेल्या इंजिनांत तो दिसतो. जुने इंजिन घेऊन त्याला बाहेरून टर्बो चढवणारे कारागीरही तो वापरतात. असे इंजिन आपण विकत घेतले, तर या जोडणीची माहिती आपल्याला हवीच.

बाहेरच्या वेस्टगेटला नळी जोडण्याची दोन तोंडे असतात. खालचे तोंड पडद्याच्या खाली उघडते. तेथे हवा गेली की झडप उघडते. वरचे तोंड स्प्रिंगच्या बाजूला उघडते. तेथे हवा गेली की ती स्प्रिंगला मदत करते आणि झडप बंद राहते. हे एक वाक्य पाठ करून ठेवा : खालची हवा उघडते, वरची हवा मिटते.

दारे धरणारा गडी

नुसत्या स्प्रिंगवर चालणारा वेस्टगेट एकच दाब ओळखतो. पण इंजिनाला कधी कमी तर कधी जास्त दाब लागतो. त्यासाठी मध्ये विजेवर चालणारी एक लहान झडप बसवतात, तिला सोलेनॉइड म्हणतात. उसाला पाणी देताना दारे धरणारा गडी एका सरीचे दार मोडतो, दुसरीचे बांधतो आणि पाणी वळवतो. सोलेनॉइड हवेची दारे धरतो. इंजिनाचा संगणक त्याला सेकंदाला वीस-तीस वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा काळ किती आणि बंद राहण्याचा किती, यावरून डबीतला सरासरी दाब ठरतो.

या सोलेनॉइडला तीन तोंडे असतात. एक सामाईक तोंड. दुसरे एरवी उघडे, म्हणजे वीज नसताना सामाईक तोंडाला जोडलेले. तिसरे एरवी बंद, म्हणजे वीज दिल्यावरच सामाईक तोंडाला जोडले जाणारे.

कोणते तोंड कोणते, हे रंगावरून किंवा अंदाजाने ठरवू नये. फुंकून पाहावे. वीज न देता प्रत्येक तोंडात स्वच्छ नळी लावून फुंका. ज्या दोन तोंडांतून हवा आरपार जाते ती सामाईक आणि एरवी उघडे. उरलेले तिसरे ते एरवी बंद. आता बॅटरीवरून क्षणभर वीज द्या. 'टक्' असा आवाज येईल. पुन्हा फुंका. आता ज्या दोन तोंडांतून हवा जाते, त्यांतील पहिल्या खेपेलाही असलेले तोंड ते सामाईक. त्यावर खूण करून ठेवा. ट्रॅक्टरची यंत्रणा १२ व्होल्टची असते आणि मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची. ट्रकचा सोलेनॉइड ट्रॅक्टरला किंवा ट्रॅक्टरचा ट्रकला लावू नये.

नळ्या कोठे जोडाव्यात?

जोडणीच्या दोन सरळ रीती आहेत.

पहिली रीत. टर्बोच्या हवेच्या बाजूकडून निघालेली दाबाची नळी सोलेनॉइडच्या एरवी उघड्या तोंडाला जोडावी. सामाईक तोंडातून निघालेली नळी वेस्टगेटच्या खालच्या तोंडाला द्यावी. एरवी बंद तोंड बाहेरच्या हवेला मोकळे ठेवावे आणि धूळ जाऊ नये म्हणून त्यावर बारीक गाळणी बसवावी. वेस्टगेटचे वरचे तोंडही हवेला मोकळे ठेवावे. वीज नसताना सगळा दाब खालच्या तोंडाला पोचतो आणि झडप स्प्रिंगच्या हिशेबाने उघडते. वीज मिळाली की खालच्या बाजूची हवा बाहेर सुटते, झडप उघडायला उशीर लागतो आणि दाब वाढतो.

दुसरी रीत. दाबाच्या नळीला तिहेरी जोड घालावा. एक फाटा कोठेही न अडता थेट वेस्टगेटच्या खालच्या तोंडाला जावा. दुसरा फाटा सोलेनॉइडच्या एरवी बंद तोंडाला द्यावा. सामाईक तोंडातून निघालेली नळी वेस्टगेटच्या वरच्या तोंडाला लावावी. एरवी उघडे तोंड गाळणी लावून हवेला मोकळे ठेवावे. वीज नसताना वरची बाजू मोकळी राहते. वीज मिळाली की वरच्या बाजूला दाब जातो आणि स्प्रिंगला हात मिळतो.

मघाचेच उदाहरण घेऊ. स्प्रिंग १६ किलोची, पडदा २० चौरस सेंटीमीटरचा. वरच्या बाजूला ०.२ किलो दाब ठेवला, तर खालच्या बाजूला १ किलो दाब होईपर्यंत झडप उचलणार नाही, कारण २० गुणिले ०.८ हा फरक तेव्हाच पुरा होतो. या हिशेबात झडपेला खालून ढकलणाऱ्या धुराचा जोर धरलेला नाही. पण मुद्दा कळायला एवढा हिशेब पुरे आहे. आणि वरचा दाब खालच्याइतकाच झाला तर? मग पडद्याच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि स्प्रिंग एकटीच झडप दाबून बसली. सांडवा जवळजवळ बंदच झाला. म्हणून दुसऱ्या रीतीत दाब पुष्कळ वाढवता येतो, पण चूक झाली तर नुकसानही तेवढेच मोठे होते.

वीज गेली की दाब उतरलाच पाहिजे

आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती स्टार्टर सोडून देते, म्हणून मोटार वाचते. सोलेनॉइडची जोडणी याच धर्तीवर असावी. तार तुटली, फ्यूज उडाला, कॉइल जळली, काहीही झाले तरी दाब स्प्रिंगच्या मापावर, म्हणजे कमीत कमी पातळीवर आला पाहिजे. वर सांगितलेल्या दोन्ही रीतींत तसेच होते.

तोंडांची अदलाबदल झाली तर नेमके उलटे घडते. वीज नसताना पहिल्या रीतीत खालची बाजू हवेला मोकळी होते किंवा दुसऱ्या रीतीत वरच्या बाजूला पूर्ण दाब जातो. म्हणजे तार तुटायचा अवकाश, सांडवा बंद आणि दाब बेलगाम. इंजिन सुरू होते, आवाजही बरा येतो, म्हणून ही चूक दिसत नाही. ती दिसते पहिल्या मोठ्या चढावर.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे वेस्टगेटचे वरचे तोंड बुच मारून बंद करणे. "धूळ जाईल" म्हणून मिस्त्री तेथे स्क्रू बसवतो. आत कोंडलेली हवा पडदा वर येताना दाबली जाते, उष्णतेने फुगते आणि दुसऱ्या स्प्रिंगसारखी झडपेला अडवते. ज्या तोंडाला नळी नाही ते मोकळे असावे. धुळीसाठी गाळणी लावावी, बुच मारू नये.

तिसरी चूक नळीच्या निवडीची. पाण्याची किंवा फवारणी पंपाची प्लॅस्टिक नळी येथे चालत नाही. उष्णता आणि तेल सोसणारी रबराची किंवा सिलिकॉनची नळी घ्यावी. ती शक्य तेवढी आखूड ठेवावी, वळणावर चिमटू देऊ नये, दोन्ही टोकांना क्लिप लावावी आणि मॅनिफोल्डपासून लांबून न्यावी. सोलेनॉइड टर्बोला खेटून न बसवता जरा दूर, जेथे हात टेकता येईल एवढ्या थंड जागी बसवावा. त्याचे मोकळे तोंड खाली असावे, म्हणजे पाणी साचत नाही. दाबाची नळी फक्त याच कामासाठी ठेवावी. तिच्यावरच दाबाचे घड्याळ आणि डिझेल पंपाची नळी असे फाटे काढत बसू नये.

विजेच्या बाजूने सोलेनॉइडला दोन तारा असतात. बहुधा एका तारेत चावी चालू केल्यावर फ्यूजमधून वीज येते आणि दुसरी तार संगणकाकडे जाते. तोच तिला जमीन देऊन सोलेनॉइड चालू-बंद करतो. ही दुसरी तार कायमची चॅसीला जोडून "ताकद वाढवून" देणारे कारागीर आहेत. त्यांच्यापासून दूर राहावे.

दाबाचा की निर्वाताचा?

एक इशारा फार महत्त्वाचा. काही डिझेल गाड्यांत टर्बोची डबी हवेच्या दाबावर चालत नाही. इंजिनाचा एक पंप नळीतली हवा शोषून घेतो आणि त्या निर्वाताच्या ओढीवर डबी चालते. दोहोंची लक्षणे उलटी असतात. दाबावर चालणाऱ्या डबीची नळी फाटली तर सांडवा उघडत नाही आणि दाब वाढतो. निर्वातावर चालणाऱ्या डबीची नळी फाटली तर बहुतेक वेळा दाब तयारच होत नाही आणि गाडी ओढत नाही. म्हणून नळीला हात लावण्यापूर्वी आपल्या वाहनाची डबी कोणत्या प्रकारची आहे, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. एकाच्या ट्रॅक्टरवरचा इलाज दुसऱ्याच्या पिकअपवर करू नये.

घरच्या घरी तपासणी

इंजिन पूर्ण थंड असताना ही कामे करता येतात. नळ्या बोटांनी दाबून, वाकवून भेगा पाहा. क्लिपा सैल आहेत का पाहा. दाबावर चालणाऱ्या वेस्टगेटची नळी डबीवरून काढा आणि तेथे दाबाचे घड्याळ असलेला हातपंप लावून हळूहळू हवा भरा. पुस्तिकेत दिलेल्या दाबाला दांडी सरकू लागली पाहिजे आणि पंप थांबवल्यावर घड्याळाचा काटा पडता कामा नये. काटा पडला तर पडदा फाटला आहे. दांडी हललीच नाही तर झडप काजळीने धरली आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा डबीत थेट सोडू नये. त्या दाबाने चांगला पडदाही फाटतो.

बाहेरचा वेस्टगेट नव्याने जोडला असेल, तर पहिली चाचणी सोलेनॉइडची तार काढून घ्यावी. दाबाचे घड्याळ लावून भार द्यावा. दाब स्प्रिंगच्या मापावर थांबला तर नळ्या बरोबर आहेत. तो त्यापुढे चढू लागला तर ताबडतोब अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि नळ्या पुन्हा तपासा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय तार जोडू नये.

ओढ कमी झाली आणि काळा धूर येऊ लागला, तर लगेच टर्बो बदलायला धावू नका. आधी एअर क्लीनर तुंबला आहे का पाहा. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतची हवेची मोठी नळी कोठे फाटली किंवा निसटली आहे का पाहा. तेथे तेलकट काळपटपणा आणि फुसफुस असा आवाज सापडतो. मग वेस्टगेट उघडा अडकला आहे का पाहा. स्वस्त कारणे आधी, महाग कारणे नंतर, हा क्रम ठेवावा. निळसर धूर येत असेल तर मात्र इंजिनाचे तेल जळत आहे. टर्बोचे सील गेले असण्याची शक्यता धरून जाणकाराला दाखवावे.

अति तेथे माती

दांडीची लांबी कमी करून, नळीला बुच मारून किंवा सोलेनॉइडला चकवून दाब वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचा हिशेब नीट मांडून पाहा. डिझेल इंजिनात नुसती हवा वाढवून ताकद फारशी वाढत नाही, डिझेलही वाढवावे लागते. डिझेल वाढले की सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते. हेड गॅस्केट, पिस्टन, बेअरिंगे आणि पाण्याचा रेडिएटर मात्र पूर्वीच्याच ताकदीसाठी बनवलेले असतात. वाढलेली ताकद पुढे क्लच, गिअर आणि ब्रेक यांवर पडते. शिवाय टर्बोचे चाक नेमून दिलेल्या वेगापुढे गेले तर ते तुटू शकते आणि त्याचे तुकडे इंजिनात गेले तर इंजिन खलास होते.

संगणकाच्या ट्रॅक्टरांत हा उद्योग बहुधा साधतच नाही. दाब जास्त दिसताच संगणक डिझेल कमी करतो आणि ट्रॅक्टर मरगळतो. कंपनीची वॉरंटी हातची जाते ती वेगळीच. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, हेही माहीत असावे. ट्रॅक्टर कमी पडत असेल तर ट्रॉलीतला माल कमी करावा किंवा कामाला साजेसा ट्रॅक्टर घ्यावा. नाकापेक्षा मोती जड करून घेऊ नये.

रोजची निगा

टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. म्हणून इंजिन सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट रेस न करता चालू द्यावे, म्हणजे तेल दांड्यापर्यंत पोचते. भारी काम करून आल्यावर एकदम बंद करू नये. एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे. एकदम बंद केले तर तेलाचा प्रवाह थांबतो, आतले तेल करपते आणि त्याची काजळी बेअरिंगला खाते. इंजिनाचे तेल आणि फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या तासांवर बदलावे. एअर क्लीनरची जोडणी घट्ट असावी. खळ्यावरची आणि नांगरटीची धूळ टर्बोच्या वेगवान पात्यांना सँडपेपरसारखी घासते.

भगिनींनो, यात तुमचाही वाटा आहे. ज्या घरात दुधाचा आणि किराण्याचा हिशेब वहीत लिहिला जातो, तेथे ट्रॅक्टरचे तास, तेल बदलल्याची तारीख आणि मिस्त्रीने काय काय केले याचीही नोंद त्याच वहीत ठेवता येईल. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून टर्बोच्या नळ्यांची आकृती काढून घ्या. प्रत्येक नळीला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधा. घरात मोबाइल असेल तर नळी काढण्यापूर्वी फोटो काढून ठेवा. नळी कोठून निघाली आणि कोठे जाते हे घरातल्या दोन माणसांना तरी माहीत असले पाहिजे.

तो शेतकरी आता मिस्त्रीला काम सांगताना स्वतः शेजारी उभा राहतो आणि काम झाल्यावर वही पुढे करतो. कोणती नळी काढली, कोठे लावली, हे लिहून घेतल्याशिवाय मजुरी देत नाही. मिस्त्रीला सुरुवातीला राग आला, पण तोही आता नळ्यांवर खुणा करून काम करतो. बैल गेला अन् झोपा केला अशी वेळ आपल्यावर येऊ नये. आज संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर बॉनेट उघडा, ती बारीक नळी शोधा आणि तिच्यावरून एकदा हात फिरवून पाहा.